आयोवातला ऑक्टोबर २०२५ : मक्याची काढणी आणि शनिवारची मॅच

बार्शीचा_बाळू

राम राम मंडळी. जर्सी, बे एरिया, डॅलस यांचे धागे ढिगाने आहेत पण मक्याच्या पट्ट्यात राहणारी आपली माणसं काही लिहीतच नाहीत, म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करू. मी आयोवात एका दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात राहतो आणि इथल्या शेतकऱ्यांच्या को-ऑपमधे ग्रेन एलेव्हेटरवर हिशेबाचं काम बघतो. उंच उंच सायलो, खाली वजनकाटा, ट्रकची रांग, म्हणजे आपल्या मार्केट यार्डासारखंच सगळं, फक्त हमाल नाहीत आणि लिलावाची ओरडाओरड नाही.

सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत इथे विषय दोनच. मॉइश्चर किती आलं आणि शनिवारी हॉक्स, म्हणजे आयोवा युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची टीम, काय करणार. ट्रक काट्यावर आला की वरून एक पोकळ दांडा धान्यात घुसतो, सॅम्पल ओढून आत पाठवतो, मशीन आकडा दाखवतं. मक्याला १५ टक्के, सोयाबीनला १३. वर गेलं की वाळवणीचा चार्ज लागतो आणि वजनात घट धरतात. ड्रायव्हर खिडकीतून तो आकडा बघतो, मनातल्या मनात शिवी देतो आणि त्याच दमात विचारतो, मॅच लावलीय का आत?

गंमत म्हणजे यातल्या निम्म्या लोकांनी आयोवा युनिव्हर्सिटीचं तोंड पण पाहिलेलं नाही, शिकायला म्हणून तर नाहीच. तरी टोपी काळी-पिवळी, पिकअपवर हॉकआयचा स्टिकर, मशीन शेडच्या दारावर भला मोठा लोगो. राज्यात एकही मोठी प्रोफेशनल टीम नाही, जवळची म्हणजे कॅन्सस सिटी, मिनियापोलिस नाहीतर शिकागो, त्यामुळे कॉलेजची टीम हीच आपली. शनिवारी कोरडं ऊन असेल तर कोणी मॅचसाठी कंबाईन उभं करत नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. जीपीएसवर मशीन आपोआप सरळ चालतं, हा गडी केबिनमधे रेडिओ लावून बसतो, आणि शेताच्या टोकाला वळताना जर टचडाऊन झाला तर हॉर्न वाजतो. पण शुक्रवारी रात्री चांगला पाऊस झाला, शनिवारी वाफसाच नाही, की सगळं गाव हॉक्सच्या किनिक स्टेडियमच्या वाटेला. तिकीट आधीच काढून ठेवलेलं असतंच, पाऊस हा फक्त बहाणा.

बाकी मिडवेस्टवाले आहेत का कोणी? तुमच्याकडे काय चालू आहे लिहा.

लातूरकर_७७

बाळूभाऊ मॅचचं नंतर सांगा, आधी आकडे टाका. उतारा काय, भाव काय. आमच्याकडे सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन उभं पाण्यात गेलं, जे हाताला लागलं ते काळं पडलेलं. व्यापारी मशीन लावतो आणि बाराच्या वर एक पॉइंट दिसला की तोंड वाकडं करतो. २०२५ चा हमीभाव ५३२८ कागदावर, बाजारात चार हजारासाठी पण हातापाया पडायची वेळ.

बार्शीचा_बाळू

दादा, वाचलं सगळं. सीनेच्या पुराने आमच्या पाहुण्यांची पण जमीन खरवडून नेली, घरी रोज फोन चालू आहे.

आकडे सांगतो. इथे बुशेलमधे मोजतात, मक्याचा बुशेल २५.४ किलो, सोयाबीनचा २७.२. या भागात मका एकरी दोनशे बुशेलच्या आसपास सहज येतो, म्हणजे आपले पन्नास क्विंटल. आणि हा मका खायचा नाही बरं का, जनावरांचा, डुकरांचा आणि इथेनॉलचा. भाव मात्र ऐकून बसा खाली. २०२५ ला मका बुशेलला चार डॉलरच्या खाली-वर, म्हणजे क्विंटलला साडेतेराशे-चौदाशे रुपये. आपला मक्याचा २०२५ चा हमीभाव २४००. सोयाबीन दहा डॉलरच्या आतबाहेर, क्विंटलला बत्तीसशे धरा. ऑक्टोबर २०२५ पर्यंत तर चीनने नव्या पिकाची खरेदीच केली नव्हती, त्यामुळे सगळे वैतागलेले. वर जमिनीचा खंड एकरी अडीचशे-पावणेतीनशे डॉलर, बियाणं, खत, वाळवणीचा गॅस. हजार एकर करणारा माणूस पण मक्यावर तोटा दाखवतोय आणि ते खोटं नाही, वह्या माझ्याच समोर असतात. फरक एवढाच की इथे पीक विमा बऱ्यापैकी चालतो.

लातूरकर_७७

पन्नास क्विंटल!! आमच्याकडे पंचवीस-तीस झाला तर गावात पेढे. पण साडेतेराशे भाव ऐकून जरा बरं वाटलं म्हणजे वाईट वाटलं, कळलं ना काय म्हणायचंय ते.

हस्कर_ताई

मी लिंकन, नेब्रास्का. बाळू, तुझं ते किनिक ठीक आहे रे, पण आमच्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या मेमोरियल स्टेडियमची एकूण एक मॅच १९६२ पासून हाऊसफुल्ल आहे. १९६२!! मधे टीम इतकी वाईट खेळली, २०१६ नंतर २०२४ पर्यंत एक बोल गेम (सीझन संपल्यावरची मानाची मॅच) नशिबात नव्हता, कोच आले आणि गेले, पण लोक लाल शर्ट घालून येतातच. मॅचच्या दिवशी लोकसंख्येत ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं शहर होतं. चार-पाच तास गाडी चालवून पश्चिमेकडचे रँचवाले येतात, रात्री परत जातात कारण सकाळी गुरांचं बघायचं असतं.

आणि फक्त फुटबॉल नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला त्याच मैदानात मुलींची व्हॉलीबॉलची मॅच ठेवली, ९२,००३ लोक आले. मी होते तिथे, पोरींना घेऊन. एवढ्या शेतकऱ्यांना सर्व्ह आणि ब्लॉकवर भांडताना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

शेतीचं म्हणशील तर आमच्याकडे पिव्होट, म्हणजे मधल्या खांबाभोवती फिरत पाणी देणारं यंत्र. विमानातून जे हिरवे गोल गोल दिसतात ना ते. खाली ओगालाला जलसाठा आहे, त्यावर सगळा खेळ. आमचे शेजारी स्टेडियममधे बसून हाफटाईमला फोनवर पिव्होट चालू-बंद करतात, बायको म्हणते मॅच बघतोयस का मका.

बार्शीचा_बाळू

ताई, हाऊसफुल्लचं मान्य, पण ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच्या, आपल्या दोघांच्या मॅचचं काय? २०२३ ला १३-१०, २०२४ ला पण १३-१०, दोन्ही वेळा शेवटच्या क्षणाला आमची किक. :)

हस्कर_ताई

तो विषय काढायचा नाही.

एम्सकर

अरे या दोघांच्या भांडणात खरं शेतीचं कॉलेज राहूनच गेलं. मी आयोवा स्टेट, एम्स. १८६२ चा मॉरिल कायदा आला, केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या की विका आणि शेती-इंजिनियरिंगची कॉलेजं काढा, तो स्वीकारणारं पहिलं राज्य आयोवा. बाळूच्या एलेव्हेटरवर येणारी निम्मी पोरं ॲग्रॉनॉमी शिकायला आमच्याकडेच येतात आणि घरी जाऊन बापाबरोबर हॉक्सची मॅच बघतात, हे दुःख कोणाला सांगू.

मराठी माणसाला तर एम्स माहीत असायलाच पाहिजे कारण कार्व्हर इथले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ ला इथे आले, कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी, १८९४ ला पदवी, १८९६ ला मास्टर्स, मग टस्कीगीला शिकवायला. मी शाळेत असताना आमच्या घरात सगळ्यांनी त्यांच्याबद्दल वाचलेलं होतं, आणि इथे रूममेटला (आयोवाचाच, शेतकऱ्याचा मुलगा) मी कार्व्हर सांगत होतो. त्याला फक्त इमारतीचं नाव माहीत.

आणि आमचं स्टेडियम कोणाच्या नावाचं आहे बघा. जॅक ट्राइस. हा पण आमच्या कॉलेजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, शिकायचं होतं पशुपालन, डोक्यात होतं की पदवी घेऊन दक्षिणेत जायचं आणि तिथल्या काळ्या शेतकऱ्यांना मदत करायची. ऑक्टोबर १९२३, मिनेसोटाशी मॅच, कॉलेजच्या मोठ्या टीममधे त्याची नुकती कुठे सुरुवात होती. खेळताना दुखापत झाली, पुन्हा उतरला, तुडवला गेला, दोन दिवसांनी गेला. मॅचच्या आदल्या रात्री हॉटेलात बसून लिहिलेली चिठ्ठी नंतर त्याच्या कोटात सापडली, माझ्या वंशाची, घराची आणि माझी स्वतःची इज्जत पणाला लागली आहे अशा अर्थाची. विद्यार्थी वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा कुठे १९९७ ला अख्ख्या स्टेडियमला त्याचं नाव मिळालं. मुलं पहिल्यांदा मॅचला येतात तेव्हा मी त्यांना आधी त्याच्या पुतळ्यापाशी नेतो, पॉपकॉर्न नंतर.

ता. क. सप्टेंबर २०२५ ला १६-१३. आपल्या दोन कॉलेजांमधली साय-हॉक ट्रॉफी आमच्याकडे आली, बाळू.

जर्सीचा_जोशी

सगळं छान आहे पण मला एक कळत नाही. बहुतेक राज्यांमधे सरकारी पगारात सगळ्यात महाग माणूस कोण, तर फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा कोच. गव्हर्नर नाही, कॅन्सरवरचा प्रोफेसर नाही. आता तर खेळाडूंना पण पैसे, २०२१ पासून जाहिरातींचे आणि २०२५ पासून कॉलेज स्वतः देतंय, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर एकेका कॉलेजला परवानगी. पोरगं दर वर्षी टीम बदलतं. यात "आपली टीम" कुठे राहिली? आणि ज्या शेतकऱ्याला चार डॉलर मिळत नाहीत तो याच्यासाठी तिकिटाला दीडशे डॉलर का घालतो? मला तरी ही भाबडी भक्ती वाटते.

बार्शीचा_बाळू

जोशीबुवा, कोचच्या पगाराबद्दल इथे पण लोक शिव्या घालतात, तुम्हाला काय वाटलं. फरंट्झ १९९९ पासून कोच आहे, २०२३ मधे तर त्याचाच मुलगा ऑफेन्स सांभाळायचा आणि ऑफेन्स इतका भिकार की मुलाच्या कॉन्ट्रॅक्टमधे लिहून घेतलं, मॅचला सरासरी २५ पॉइंट काढले पाहिजेत. नाही निघाले. २०२२ ला एक मॅच आम्ही ७-३ जिंकली, एकही टचडाऊन न करता. एक फील्ड गोल (३ पॉइंट) आणि दोन सेफ्टी (२-२ पॉइंट)! शेवटी लोक पंटवर टाळ्या वाजवायला लागले. टोरी टेलर नावाचा ऑस्ट्रेलियन पोरगा होता पंटर, त्याची जर्सी घालून पोरं फिरायची. बॉल स्वतःहून समोरच्याला देऊन टाकायचा आणि त्याचा उत्सव करायचा, असली जनता दुसरीकडे सापडणार नाही. भाबडी म्हणा हवं तर, पण आंधळी नाही, डोळे उघडे ठेवून सहन करतात.

क्वाड_सिटीजचे_काका

जोशी, "आपली टीम" कुठून आली ते मी सांगतो कारण मी तेव्हा इथे होतो. १९८३ ला आयोवा सिटीत शिकायला आलो. त्या वेळी शेतीची काय अवस्था होती ती आजच्या पोरांना माहीत नाही. सत्तरच्या दशकात बँकांनी बोलावून बोलावून कर्जं दिली, जमीन वाढतच जाणार म्हणून. मग व्याजदर आकाशाला भिडले, निर्यात बसली. आयोवात एकराची सरासरी किंमत १९८१ ला २१४७ डॉलर होती, १९८६ ला ७८७. तारण ठेवलेल्या जमिनीची किंमत कर्जाच्या खाली गेली की बँक दारात. दर आठवड्याला लिलाव असायचे, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शेजारी बघत उभे राहायचे, बोली लावायची पण लाज वाटायची. डिसेंबर १९८५ मधे आयोवा सिटीच्या जवळच कर्जात बुडालेल्या एका शेतकऱ्याने घरात बायकोला, मग हिल्स नावाच्या गावातल्या बँकेत जाऊन तिथल्या प्रमुखाला, मग एका शेजाऱ्याला गोळी घातली आणि स्वतःला संपवलं. आमच्या हॉस्टेलमधल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी त्या रात्री घरी फोन लावले ते मला आठवतंय, रांग लागली होती फोनला.

त्याच वर्षी हॉक्स देशात एक नंबरला होते. ऑक्टोबरमधे एक नंबर विरुद्ध दोन नंबर, मिशिगनशी, शेवटच्या सेकंदाला किक, १२-१०. सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्यावर. कोच हेडन फ्राय, मूळचा टेक्सासचा, त्याने हेल्मेटवर एक गोल पिवळा स्टिकर लावला, तीन अक्षरं, एएनएफ. अमेरिकेला शेतकऱ्यांची गरज आहे. बस एवढंच. कर्ज काही फिटलं नाही त्याने कोणाचं. पण टीव्हीवर सगळा देश बघत असताना आपल्या पोरांच्या कपाळावर आपलं नाव आहे हे ज्याने पाहिलं तो माणूस टीम सोडत नाही, त्याची मुलं सोडत नाहीत. तो स्टिकर आजही हेल्मेटवर आहे. त्याच सप्टेंबरात शेजारी इलिनॉयमधे शॅम्पेनला शेतकऱ्यांसाठी पहिली फार्म एड मैफल झाली, ती पण कुठे, तर युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममधे.

तेव्हा दीडशे डॉलर कोचला जातात का कोणाला, हा हिशेब ते करत नाहीत.

यवतमाळची_सोनाली

काका, वाचून काटा आला. आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की लोकांना एकच गोष्ट आठवते. एक विचारायचं होतं, ती लाट नंतर थांबली कशी? कर्जमाफी झाली का?

क्वाड_सिटीजचे_काका

सोनाली, आपल्यासारखी सरसकट माफी नाही झाली बाळा. १९८६ मधे दिवाळखोरीचा एक वेगळा कायदा आला खास शेतकरी कुटुंबांसाठी, जमीन न सोडता कर्जाची नव्याने मांडणी करता यायची. जप्ती आणण्याआधी सावकाराला आणि शेतकऱ्याला मध्यस्थासमोर समोरासमोर बसवायचं, असा नियम आयोवाने केला. आयोवा स्टेटच्या विस्तार विभागाने १९८५ ला फोनची हेल्पलाईन सुरू केली, ती अजून चालू आहे. पण खरं सांगायचं तर जे बुडायचे ते बुडाले. त्यांची जमीन उरलेल्यांनी घेतली, शेतं मोठी झाली, माणसं कमी झाली, दोन-तीन गावांच्या शाळा मिळून एक झाली. आज इथे जमीन एकरी सरासरी अकरा हजार डॉलरच्या वर आहे आणि नवीन पोराला विकत घेऊन शेती करणं जवळपास अशक्य.

जर्सीचा_जोशी

काका, हे माहीत नव्हतं. पगाराबद्दलचं माझं मत तेच आहे, पण स्टिकरचं पटलं.

मुक्ता_सीडर_रॅपिड्स

शाळांवरून आठवलं. आयोवा युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल खेळाडू कॅटलिन क्लार्क आल्यावर सगळ्या देशाला वाटलं की आयोवाला अचानक मुलींच्या बास्केटबॉलचं वेड लागलं. अचानक कसलं! आमच्या शेजारच्या आजी, आता पंचाहत्तरच्या पुढे, त्या काळच्या सिक्स-ऑन-सिक्स खेळलेल्या. एका टीमच्या सहा मुली, तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचं, मधली रेघ ओलांडायची नाही. दोनशे-चारशे वस्तीच्या गावांच्या टीम दे मॉइनला राज्याच्या स्पर्धेला जायच्या तेव्हा गाव कुलूप लावून निघायचं. १९६८ च्या फायनलला युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँगने एवर्लीच्या टीमला ओव्हरटाईममधे हरवलं, ११३-१०७. पुढच्या वर्षी तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या एनबीए टीमने ड्राफ्ट केलं, हो, पुरुषांच्या. सिक्स-ऑन-सिक्स १९९३ ला बंद झालं.

तर ऑक्टोबर २०२३ ला किनिकमधे, उघड्यावर, बायकांची बास्केटबॉल मॅच ठेवली आणि ५५,६४६ लोक आले तेव्हा आजी काय म्हणाल्या, की एवढे तर यायलाच पाहिजेत, त्यात सांगण्यासारखं काय. स्टँडमधे त्यांच्या वयाच्या बायका इतक्या होत्या ना, जुन्या शाळेची जॅकेटं घालून, आणि प्रत्येकीला दुसऱ्या गावच्या कोणी कोणाला फाऊल केलं होतं ते पाठ.

नवखा_निनाद

नमस्कार. मी ऑगस्टमधेच आयोवा सिटीला एमएससाठी आलोय, मूळ नाशिक. लॅबमधल्या मित्राने २५ तारखेच्या मिनेसोटाच्या मॅचचं तिकीट दिलंय. मला नियम पण येत नाहीत. काय घालू, काय खाऊ, आणि लोक एका डुकराबद्दल का बोलतायत सारखे?

बार्शीचा_बाळू

हाहा, फ्लॉइड! त्या डुकराचं नाव. ऐक. १९३४ च्या मॅचमधे आयोवाच्या ओझी सिमन्सला, तो कृष्णवर्णीय होता, मिनेसोटाच्या लोकांनी फार वाईट मारलं. पुढच्या वर्षी इथलं वातावरण इतकं तापलं की दंगल होते की काय. मग मिनेसोटाच्या गव्हर्नरने आयोवाच्या गव्हर्नरला तार केली, पैज लावू, हरेल त्याने एक जातिवंत डुक्कर द्यायचं. आयोवा हरलं, फोर्ट डॉजजवळच्या रोझडेल फार्मचं डुक्कर गेलं मिनेसोटाला. नंतर त्याचा ब्राँझचा पुतळा केला आणि तेव्हापासून तीच ट्रॉफी. जिंकलेली पोरं त्याला उचलून मैदानभर पळतात. २०२४ ला ती आपण जिंकली.

कपडे काळे-पिवळे, नसतील तर साधे काळे, पण मिनेसोटाचा मरून अजिबात नको. थरावर थर घाल, दुपारी ऊन आणि संध्याकाळी दात वाजतात. बॅग पारदर्शक लागते, सॅक नेलीस तर गेटवरून परत. खायला टेलगेटमधे (मॅचआधी स्टेडियमबाहेर गाड्यांपाशी चालणाऱ्या खाण्यापिण्यात) शिर, कोणीही बोलावतं, शाकाहारी असशील तर मात्र घरून खाऊन निघ. आणि पाहुण्या टीमची चेंजिंग रूम गुलाबी आहे, ती पण फ्रायचीच करामत, मानसशास्त्र शिकलेला माणूस होता.

मुक्ता_सीडर_रॅपिड्स

निनाद, एक गोष्ट कोणी सांगितली नाही. पहिला क्वार्टर संपला की जागेवरून उठून मागे वळायचं. स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल आहे, वरच्या मजल्याच्या काचांना पोरं आणि त्यांचे आईबाप उभे असतात. सगळं स्टेडियम त्यांना हात करतं, दोन्ही टीम पण. २०१७ पासून चालू आहे. तू पण कर.

नवखा_निनाद

नक्की. धन्यवाद सगळ्यांना. शाकाहारीच आहे, पराठे करून नेतो.

हस्कर_ताई

पराठे आत नेता येतात का ते बघ आधी. बाळू, यंदा २०२५ ला ब्लॅक फ्रायडेची मॅच लिंकनला आहे, वहिनींना घेऊन ये. तोपर्यंत काढणी उरकली असेल ना तुमची?

बार्शीचा_बाळू

मका थोडा राहील, पण येतो. पैज लावायची का, गव्हर्नरांसारखी?

हस्कर_ताई

लावू की. तू हरलास तर बार्शीची शेंगाचटणी दोन किलो. मी हरले तर पुरणपोळ्या, पण त्या लाल शर्ट घालूनच वाढणार.

एम्सकर

मी पंच म्हणून येतो. मला दोन्ही चालेल.